तेरा सीसींचा प्रश्न

बीएमडब्ल्यूने मिनी ही गाडी नव्या रूपात आणली तेव्हा कूपर आणि कूपर एस या तिच्या दोन आवृत्त्यांमध्ये मुळात एकच इंजिन होते: 1598 सीसीचे, चार सिलिंडरचे. कूपरमध्ये ते 115 अश्वशक्ती देई. 2002 मध्ये आलेल्या कूपर एसमध्ये त्यावर ईटनचा सुपरचार्जर बसला आणि शक्ती 163 झाली. एवढी गोष्ट जाहिरातीत होती. तांत्रिक तक्त्यात मात्र आणखी एक ओळ होती. कूपरचा कॉम्प्रेशन रेशो 10.6, कूपर एसचा 8.3. हिशोब मांडला तर पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा कूपरमध्ये प्रत्येक सिलिंडरला सुमारे 41.6 सीसी होती, कूपर एसमध्ये सुमारे 54.7 सीसी. फरक तेरा सीसींचा. हे सगळे पुस्तक या तेरा सीसींबद्दल आहे: त्या किती असाव्यात, का असाव्यात, आणि हे कोणी व कशाच्या आधारावर ठरवावे.

जो वाचक या विषयाकडे पहिल्यांदाच वळला आहे त्याच्यासाठी आधी पाया घालतो. पिस्टन सर्वांत खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते तिला, पिस्टन सर्वांत वर असताना उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. निकोलाउस ओटोच्या 1876 च्या चार-स्ट्रोक इंजिनात हा आकडा अडीचच्या आसपास होता. आज रस्त्यावरच्या साध्या पेट्रोल गाडीत तो 10 ते 13 च्या दरम्यान असतो. दीडशे वर्षे अभियंते हा आकडा वर ढकलत आले, कारण जास्त दाबून पेटवलेले मिश्रण फुलताना पिस्टनवर जास्त काम करते. आदर्श ओटो चक्राच्या सूत्राप्रमाणे 8 ला कार्यक्षमता सुमारे 56 टक्के, 10 ला 60 आणि 12 ला 63 भरते. खऱ्या इंजिनाच्या हाती यातले बरेच कमी लागते, पण वक्राचा आकार तोच राहतो. पहिल्या पायऱ्या खूप देतात, वरच्या पायऱ्या हात आखडतात. हा आकार लक्षात ठेवावा. पुढच्या सगळ्या चर्चेचा तो कणा आहे.

चढाई थांबते ती नॉकिंगपाशी. स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून कडेकडे सरकत जाते. ती पोहोचण्याआधी कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच पेटले, तर ते सावकाश न जळता एकदम भडकते. दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटतात, तो खणखणाट बाहेर ऐकू येतो, आणि पिस्टनच्या धातूला चिकटून असलेला वायूचा संरक्षक थर फाटून जातो. थोडे नॉकिंग इंजिन सोसते. जास्त झाले की रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, पिस्टनची कड वितळते. बूस्ट, म्हणजे जादा दाबाने कोंबलेली हवा, असलेल्या इंजिनात हे घडायला मोठा प्रवास लागत नाही. एक चढ पुरतो.

आता या चित्रात सुपरचार्जर आणा. क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा हा पंप वातावरणापेक्षा जास्त दाबाची हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद. पण पिस्टन दाबायला लागण्याआधीच हवा एकदा दाबली गेलेली असते, आणि दाबलेली हवा तापते. 35 अंशांच्या दिवशी 0.7 बार बूस्ट करणारा जुन्या धाटणीचा रूट्स ब्लोअर 55 टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर त्यातून निघणारी हवा सव्वाशे अंशांच्या आसपास असते. 75 टक्क्यांचा चांगला सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर तोच दाब शंभर अंशांवर देतो. दाबमापकावर दोन्हींचा आकडा एकच दिसतो. पिस्टनला मात्र हा फरक कळतो.

म्हणूनच या क्षेत्रातल्या सर्वांत लोकप्रिय सूत्राबद्दल मला सुरुवातीलाच सावध करायचे आहे. अमेरिकेतल्या हॉट-रॉड जगात पिढ्यान्‌पिढ्या एक तक्ता वापरला जातो. मूळ कॉम्प्रेशन रेशोला एकूण दाबाच्या पटीने गुणा, म्हणजे ‘परिणामी’ रेशो मिळेल. 8 चा रेशो आणि 10 पीएसआय बूस्ट म्हणजे 13.4. हा आकडा 12 च्या वर गेला की पंपावरच्या पेट्रोलवर गाडी चालणार नाही, असे सांगितले जाते. काही जण दाबाच्या पटीचे वर्गमूळ घेतात, मग तेच उत्तर 10.4 येते. एकाच इंजिनाला 13.4 आणि 10.4 अशी दोन उत्तरे देणारी पद्धत निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. या तक्त्यात तापमान नाही, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नाही, कॅमशाफ्ट नाही, ज्वलनकक्षाचा आकार नाही. ज्या काळी सगळ्यांकडे सारखेच कास्ट-आयर्न व्ही-8, सारखाच रूट्स ब्लोअर आणि सारखेच कार्बुरेटर होते, त्या काळी तो अनुभवाचा सारांश म्हणून चालला. आज तो जसाच्या तसा उचलणारा माणूस एक तर नको इतका घाबरतो, नाही तर नको इतका धजावतो.

या प्रश्नाचा इतिहास मोटारीपेक्षा इंधनाच्या इतिहासाशी जास्त बांधलेला आहे. ब्लोअर तर गाडीच्याही आधीचा. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि तो भट्ट्यांना वारा घालायच्या कामी लागला. बर्लिनच्या 1921 च्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने 6/25 आणि 10/40 अश्वशक्तीच्या दोन सुपरचार्ज्ड गाड्या मांडल्या. विक्रीसाठी नेमाने बांधलेल्या या पहिल्याच. त्यांतला कॉम्प्रेसर सतत चालत नसे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की क्लचने तो जोडला जाई, पाय उचलला की सुटे. रोजच्या चालण्यासाठी एक इंजिन आणि चढ किंवा ओव्हरटेकसाठी दुसरे, ही गरज त्या अभियंत्यांनी पहिल्याच पायरीवर ओळखली होती.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत डेटन इथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले की टेट्राइथाइल लेडचे थोडेसे प्रमाण पेट्रोलमध्ये मिसळले की नॉकिंग थांबते. त्याने कॉम्प्रेशन रेशो वाढवायची वाट मोकळी केली आणि जगभरच्या हवेत शिसे पसरवले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. जुन्या परदेशी पुस्तकांतले आकडे वाचताना ते कोणत्या इंधनासाठी लिहिले होते हे विचारावे लागते, ते यामुळेच.

पण या क्षेत्राचा खरा पाया मी इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांना मानतो. पहिल्या महायुद्धानंतर लगेच त्यांनी असे प्रायोगिक इंजिन बांधले, ज्याचा कॉम्प्रेशन रेशो ते चालू असतानाच बदलता येई. एकेक इंधन घालायचे, रेशो वाढवत न्यायचा आणि नॉकिंग सुरू झाले तो आकडा टिपायचा. त्याला त्यांनी ‘हायेस्ट यूजफुल कॉम्प्रेशन रेशो’ म्हटले. इंजिनाचा दोष समजली जाणारी गोष्ट बऱ्याच अंशी इंधनाची मर्यादा आहे, हे त्यातून लख्ख झाले. पुढे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता मोजणारी ऑक्टेनची मोजपट्टी आली, तीही बदलत्या रेशोच्या चाचणी-इंजिनावर. आजही ऑक्टेन तसाच मोजतात, आरओएन आणि एमओएन अशा दोन चाचण्यांनी. आरओएनची चाचणी 600 आरपीएमला, आत येणारी हवा 52 अंशांवर ठेवून होते. एमओएनची 900 आरपीएमला, मिश्रण 149 अंशांपर्यंत तापवून. या दोन तापमानांकडे सुपरचार्जरवाल्याने नीट पाहावे. इंटरकूलर चांगला असेल तर त्याचे इंजिन पहिल्या चाचणीच्या जगात राहते. इंटरकूलर नसेल तर ते दुसऱ्या चाचणीच्या जगात जाते, आणि पंपावरच्या पाटीवर लिहिलेला आकडा तेवढा उपयोगी राहत नाही. गौतम कलघटगी यांनी इंधन आणि नॉकिंग यांवर केलेले काम याच नात्याचा हिशोब मांडते.

दोन घराणी इथूनच वेगळी होतात. पहिल्याचे म्हणणे असे: रेशो उतरवा, बूस्ट चढवा. दुसऱ्याचे: रेशो शक्य तितका राखा, बूस्ट बेताचा ठेवा. 1940 च्या युरोपच्या आकाशात ही दोन्ही समोरासमोर उडत होती. रोल्स-रॉइस मर्लिन 27 लिटरचे, रेशो 6. ब्रिटिशांकडे 100 ऑक्टेनचे पेट्रोल आले तेव्हा पिस्टन बदलावे लागले नाहीत. फक्त बूस्टची मर्यादा सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेली. पुढे स्टॅन्ली हूकर यांनी सुधारलेले सुपरचार्जर आणि अधिक चांगले इंधन यांच्या जोरावर हेच इंजिन सुमारे हजार अश्वशक्तीपासून दोन हजारांच्या घरात गेले, आणि रेशो शेवटपर्यंत 6 च राहिला. समोरच्या जर्मनांच्या डाइमलर-बेंझ 601 ला 87 ऑक्टेनवर भागवायचे होते. त्यांनी जवळपास 34 लिटरचे इंजिन घेतले, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारले, रेशो 7 च्या आसपास ठेवला आणि बूस्ट कमी. दोन्ही इंजिने उत्तम होती. हातात असलेल्या इंधनाला प्रत्येकाने दिलेले ते प्रामाणिक उत्तर होते.

रेसिंगमध्ये पहिल्या घराण्याचे राज्य दीर्घकाळ चालले. 1923 मध्ये मोंझाला फियाटने सुपरचार्ज्ड गाडीने पहिली ग्रां प्री जिंकली आणि पुढची कितीतरी वर्षे ब्लोअरशिवाय ग्रां प्रीत टिकणे अवघड झाले. 1950 आणि 1951 चे जगज्जेतेपद मिळवणारी दीड लिटरची अल्फा रोमिओ शेवटी सव्वाचारशे अश्वशक्तीपर्यंत पोहोचली ती मिथेनॉलवर. मिथेनॉल बाष्प होताना प्रचंड उष्णता शोषते, म्हणजे सिलिंडरला आतून गारवा देते. त्यासाठी गाडी पाण्यासारखे इंधन पीत असे. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना मात्र ब्लोअर मुळातच नापसंत होता. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, असे त्यांचे मत. शर्यतपटू टिम बर्किन यांच्या हट्टातून साकारलेल्या ब्लोअर बेंटलीची कीर्ती मोठी झाली, पण 1929 आणि 1930 चे ल मां जिंकले ते ब्लोअर नसलेल्या साडेसहा लिटरच्या स्पीड सिक्सने.

रस्त्यावरच्या गाडीसाठी सर्वांत शिकवणारे उदाहरण 1962 चे आहे. ते टर्बोचे आहे, म्हणजे पंप क्रँकऐवजी एक्झॉस्टवर फिरतो. पण रेशोचा प्रश्न तोच आहे. जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी एकाच वर्षी टर्बोची गाडी आणली. शेव्रोलेने कॉर्व्हेअरमध्ये रेशो 8 वर उतरवला आणि विषय संपवला. ओल्ड्समोबिलने जेटफायरमध्ये 10.25 चा उंच रेशो तसाच ठेवला आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण फवारणारी वेगळी टाकी दिली. कागदावर जेटफायर सरस होती: कमी वेगालाही जिवंत, गरज पडली की जोरदार. पण टाकी भरायची आठवण मालकांना राहत नसे. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी होई आणि गाडी मंदावली म्हणून तक्रारी येत. काही वर्षांत कंपनीने टर्बो काढून साधा कार्बुरेटर लावून द्यायला सुरुवात केली. जेटफायरच्या अभियंत्यांचे गणित बरोबर होते, असे मला ठामपणे वाटते. त्यांच्या समीकरणात गाडीचा मालक नव्हता.

साबने पुढे हा माणूसच समीकरणातून काढला. 99 टर्बोमध्ये रेशो 7.2 होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिलिंडर ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. नॉकिंग ऐकू आले की बूस्ट क्षणात खाली येई. या पहारेकऱ्याच्या भरवशावर त्यांनी रेशो 8.5 वर नेला. तेव्हापासून एक मोठा बदल झाला: निवड सर्वांत वाईट क्षणाच्या भीतीने करण्याची सक्ती सैल झाली. थेट इंजेक्शनने ती आणखी सैल केली. सिलिंडरमध्येच फवारलेले पेट्रोल तिथेच बाष्प होते आणि मिश्रण थंड करते. कॉर्व्हेटच्या दोन सुपरचार्ज्ड इंजिनांत हा फरक स्पष्ट दिसतो. पोर्ट इंजेक्शनच्या एलएस9 चा रेशो 9.1, थेट इंजेक्शनच्या एलटी4 चा 10. दोन्ही 6.2 लिटरची, दोन्ही साडेसहाशे अश्वशक्तीच्या आसपास. 2008 पासून टाटा मोटर्सच्या मालकीची असलेल्या जग्वारच्या 5 लिटर व्ही-8 मध्ये साध्या आवृत्तीचा रेशो 11.5 आणि सुपरचार्ज्डचा 9.5 होता. फोक्सवॅगनच्या 1.4 लिटरच्या इंजिनाने सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही लावून 10 चा रेशो टिकवला. कावासाकीची निंजा एच2 ही मोटरसायकल 8.5 वर आली, आणि लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या एच2 एसएक्समध्ये त्याच घराण्याच्या इंजिनाला 11.2 दिला गेला. उद्देश रोजची चाल सुधारण्याचा होता.

याशिवाय तिसरे घराणेही आहे, आणि मला ते सर्वांत देखणे वाटते. त्याने प्रश्नच फिरवला: दाबण्याचा रेशो आणि फुलण्याचा रेशो एकच का असावा? माझदाने 1990 च्या दशकात मिलर चक्राचे 2.3 लिटरचे व्ही-6 आणले. त्यात इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे पिस्टनची दाबण्याची वाटचाल प्रत्यक्षात उशिरा सुरू होते, तर फुलण्याची पूर्ण मिळते. हरवलेली हवा लिशोल्म पद्धतीचा स्क्रू सुपरचार्जर भरून काढतो, आणि त्या हवेला इंटरकूलरमधून थंड करता येते, जे सिलिंडरच्या आत करता येत नाही. साबने 2000 मध्ये जिनिव्हाला सरळ रेशोच बदलणारे इंजिन दाखवले. 1.6 लिटर, पाच सिलिंडर, यांत्रिक सुपरचार्जर, रेशो 8 ते 14. ते उत्पादनात आले नाही. निसानने मात्र टर्बोसह 8 ते 14 ची हीच कल्पना इन्फिनिटी क्यूएक्स50 मध्ये प्रत्यक्षात विकली. शंभर वर्षांपूर्वी रिकार्डो यांच्या चाचणी-बाकावर जे चालत होते, ते ग्राहकाच्या गाडीत आले.

मग साध्या माणसाने, ज्याच्यापाशी बदलता रेशो नाही, काय करावे? माझे मत उघड सांगतो. सर्वोच्च शक्तीपुरता विचार केला तर पहिले घराणे बरोबर आहे. 10 चा रेशो 8.5 वर आणला तर कार्यक्षमता सुमारे पाच टक्क्यांनी घटते. पण त्या बदल्यात बूस्ट 0.4 वरून 0.7 बारवर नेता आला, तर हवा 21 टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा आणि पंप फिरवायचा खर्च वजा केला, तरी नफा दहा टक्क्यांच्या घरात उरतो. ड्रॅग पट्टीवर उभ्या गाडीला यापुढे विचारायचे काही नाही. रस्त्यावरची गाडी मात्र आयुष्याचा बहुतेक काळ बूस्टमध्ये नसतेच. हलक्या पायाने चालताना बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, पंप हवा नुसती फिरवत राहतो, आणि इंजिन आपल्या मूळ रेशोवर जगते. ते पाच टक्के तेव्हा प्रत्येक किलोमीटरला द्यावे लागतात: पेट्रोलमध्ये आणि सिग्नलवरून उचल घेतानाच्या आळसात. म्हणून बूस्ट आधी ठरवून त्याला मानवेल असा रेशो शोधू नये. आधी गाडी कुठे, कशी आणि कोण चालवणार ते ठरवावे. मग मिळणाऱ्या सर्वांत वाईट पेट्रोलवर, सर्वांत तापलेल्या दुपारी जो सर्वांत उंच रेशो टिकेल तो घ्यावा. आणि बूस्टने उरलेल्या जागेत बसावे.

रेशो उतरवायची वेळ आलीच, तर तो कशाने उतरवला यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे सर्रास हेडखाली जाड गॅस्केट किंवा एकावर एक दोन गॅस्केट घातले जातात. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. पिस्टनचा सपाट भाग वर येताना हेडच्या सपाट भागाजवळ, साधारण एक मिलिमीटरच्या अंतरावर येतो, तेव्हा तिथले मिश्रण प्लगकडे फेकले जाते. ज्वलन वेगाने होते आणि कोपऱ्यात नॉकिंगसाठी मिश्रण शिल्लक राहत नाही. जाड गॅस्केटने ते अंतर दोन मिलिमीटर केले की रेशो कमी होऊनही इंजिन नॉक करू शकते. मग मालक म्हणतो, आणखी उतरवा. योग्य मार्ग खोलगट डोक्याच्या पिस्टनचा आहे, कड तशीच जवळ ठेवून. तो महाग आहे, आणि पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

हा विषय मराठीत आत्ता का आणावा? इंधन बदलते आहे, हे पहिले कारण. देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आले आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या साखर पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांतून येतो. इथेनॉलचा आरओएन 108 च्या आसपास आणि बाष्प होताना तो पेट्रोलच्या अडीच पटींहून जास्त उष्णता शोषतो. सुपरचार्ज्ड इंजिनाला याहून चांगला सोबती मिळणे कठीण. पण त्यात दर लिटरला ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी आणि त्याला हवाही कमी लागते. त्यामुळे इंजेक्टर, पंप आणि ट्यूनिंग यांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. दुसरीकडे पंपावर साध्या पेट्रोलशिवाय काही शहरांत 100 ऑक्टेनचेही पेट्रोल आहे. 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये ज्या पहिल्या शहरांत आले त्यांत मुंबई आणि पुणे होते. पण पुण्याहून निघून रात्री सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावी टाकी भरायची झाली तर साधे पेट्रोलच मिळेल, हे धरून चालावे. अमेरिकन पुस्तकातले 93 ऑक्टेन आपले 93 नव्हे, हेही इथेच सांगतो. तिथला आकडा आरओएन आणि एमओएनची सरासरी असतो. त्यांचे 93 आपल्या मोजणीत 97–98 च्या जवळ जाते. या एका गैरसमजाने कितीतरी पिस्टन गेले आहेत.

शिवाय आपला भूगोल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. यांत्रिक सुपरचार्जर ठरलेल्या पटीत दाब वाढवतो. म्हणून पुण्यात अगदी काठावर ट्यून केलेली गाडी घाट उतरून मुंबईला गेली की सिलिंडरमधला दाबही तितकाच वाढतो. दमट हवेतली वाफ नॉकिंग थोडे आवरते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

या सगळ्याच्या मागे विजेवर चालणारी गाडी उभी आहे. कारखान्यात सुपरचार्जर बसवलेली पेट्रोल गाडी आता विरळ होत चालली आहे. पण पेट्रोल इंजिन जिथे राहील तिथे लहान आकारातून आणि बूस्टमधूनच राहील, हे बाजारातल्या टर्बो गाड्या रोज दाखवत आहेत. जुन्या गाड्या जिवंत ठेवणारे, शर्यतीसाठी इंजिन बांधणारे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत शिकणारे विद्यार्थी यांना या निर्णयामागचे तर्क मराठीत मिळायला हवेत. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचूनच हात घालावा. नोंदणीत नसलेला बदल बेकायदा आहे, आणि या पुस्तकातली कोणतीही कृती त्याला पळवाट देत नाही.

पुस्तकाची मर्यादा पेट्रोल इंजिनापुरती आहे. डिझेलमध्ये मिश्रण दाबानेच पेटवायचे असते, तिथे प्रश्नाची दिशा उलटी होते. टर्बोची उदाहरणे जिथे रेशोबद्दल काही शिकवतात तिथेच घेतली आहेत. तयार उत्तरांचा तक्ता मुद्दाम दिलेला नाही. त्याऐवजी इंधन, हवेचे तापमान, पंपाची कार्यक्षमता, कॅमशाफ्ट, कक्षाचा आकार आणि वापर यांतून एका इंजिनाचा आकडा कसा उभा राहतो, हे शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे. गणित दहावीच्या पुढचे लागणार नाही. पुढच्या प्रकरणांत दाब सगळीकडे बारमध्ये आहेत आणि ‘बूस्ट’ म्हणजे वातावरणावरचा दाब. ऑक्टेन सगळीकडे आरओएन.

वाचकाने पहिल्या प्रकरणाआधी एक काम करावे. हेड उतरवलेले कोणतेही जुने इंजिन मिळवावे. त्याचा ज्वलनकक्ष वर करून त्यावर भोक पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ग्रीस लावून बसवावी, आणि ब्युरेटने थेंबथेंब तेल सोडून कक्षाचे आकारमान मोजावे. मग पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा आणि गॅस्केटच्या जाडीत सामावणारी जागा मोजून ती त्यात मिळवावी. कंपनीच्या पुस्तिकेतला रेशो आणि हाताने काढलेला रेशो बहुधा जुळत नाहीत. पुढे नफातोट्याचे जे गणित येते ते या हाताने काढलेल्या आकड्यावर करायचे आहे.